शिकवणाऱ्याचा हिशोब

शिक्षकदिनाच्या सत्कारात याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय कोणी वाचत नाही, ते बरेच आहे. तुमच्यातल्या फार जणांनी शिक्षक होण्याच्या भानगडीत पडू नये, असे तो सुरुवातीलाच बजावतो. कारणही सरळ सांगतो: शिकवणाऱ्याचा न्याय इतरांपेक्षा कडक होणार. लगेच पुढे जिभेवरचे प्रकरण येते. शिक्षकाचे हत्यार जीभ आणि त्याचा धोकाही जीभच.

नव्या करारात हा सूर वारंवार ऐकू येतो. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शिष्यांना गुरू म्हणवून घेण्याची हौस सोडायला सांगतो. मानाच्या जागा आणि बाजारातले नमस्कार आवडणाऱ्या शास्त्र्यांवर तो तिथे तुटून पडतो. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, हेही त्याचेच म्हणणे. योहानाच्या तेराव्या अध्यायात तो स्वतःला गुरू म्हणवून घेतो खरा, पण शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर. पौल मंडळीतल्या कामांची यादी करतो तेव्हा प्रेषित आणि संदेष्टे यांच्यानंतर तिसरा क्रमांक शिक्षकांना देतो. म्हणजे मान आहे, पण प्रत्येक मानाला लगाम जोडलेला आहे.

पोटापाण्याचा प्रश्नही शास्त्राने टाळलेला नाही. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला आपल्या चांगल्या गोष्टींत वाटेकरी करावे, असे गलतीकरांना लिहिले आहे. वचन शिकवण्यात कष्ट घेणारे वडीलजन दुप्पट मानास पात्र, असे तीमथ्याला सांगितले आहे. नव्या कराराबाहेरची, पण फार जुनी ‘दिदखे’ नावाची पोथी याहून रोखठोक आहे. गावोगाव हिंडणारा उपदेशक तीन दिवस मुक्काम ठोकून बसला किंवा पैसे मागू लागला, तर तो खोटा समजावा. जो शिकवतो पण स्वतः तसे वागत नाही, तोही खोटाच. आजच्या किती प्रवचनकारांना ही परीक्षा झेपेल?

परीक्षा खरी कठीण होते ती शिकवणारा जमिनीचाही मालक असला की. त्याचा दाखला रायपूरच्या परिसरातच आहे. ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी 1868 मध्ये या भागात आले. आधी ते छोटा नागपुरात काम करून गेले होते. या वेळी अमेरिकेतल्या जर्मन इव्हँजेलिकल मिशन सोसायटीने त्यांना पाठवले होते. नागपुरातल्या स्कॉटिश मिशनऱ्यांकडून छत्तीसगढची माहिती घेऊन ते पुढे निघाले. गुरू घासीदासांचे सतनामी अनुयायी मूर्तिपूजा मानत नाहीत, एका सत्यनामाला भजतात, हे ऐकून त्यांना मोठी आशा वाटली. त्यांनी जमीन घेतली आणि बिश्रामपूर वसवले.

सतनामी झुंडीने ख्रिस्ती होतील ही आशा फळली नाही. गाव मात्र वाढले आणि मिशन तिथले मालगुजार झाले. लगान घेणारा, काम देणारा, तंटे सोडवणारा आणि रविवारी उपदेश करणारा एकच. नव्या ख्रिस्ती कुटुंबांनी चुडीची लग्ने, म्हणजे बांगड्या भरून लावलेली दुसरी लग्ने, सोडावीत म्हणून मंडळीने नियम केले, तरी लोक ती लावत राहिले. इतिहासकार सौरभ दुबे यांनी सतनामी समाजावरच्या आपल्या 1998 च्या पुस्तकात ही ओढाताण तपशिलात मांडली आहे. माझे मत विचाराल तर लोरसाहेबांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण कुळाला मालकाचे म्हणणे पटले, की ते फक्त ऐकते आहे, हे मालकाला कळणार कसे? पाय धुणाऱ्या गुरूचे चित्र मालगुजाराच्या कचेरीत टिकणे अवघडच होते.

खरे शिकवणे बहुधा कचेरीबाहेर, देशी उपदेशकांच्या हातून झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी छत्तीसगढमधले हे उपदेशक रोजनिशी ठेवत. बाजारात, जत्रेत, झाडाखाली कोणाशी काय बोलणे झाले ते त्यात टिपत. दुबे यांनी या रोजनिश्यांवरही लिहिले आहे. मिशनऱ्याच्या अहवालात गाव ऐकते. या वह्यांत गाव उलट प्रश्न विचारते, वाद घालते. समोरच्याला पटेल असे उत्तर शोधताना उपदेशकाला शास्त्र पुन्हा नव्याने वाचावे लागे. पगार मिशनचा, भाषा आणि नातीगोती गावची, अशी त्याची दुहेरी अडचण होती. याकोबाचा कडक न्याय आधी कोणाला लागू करायचा, मालगुजाराला की त्याच्या हाताखालच्या पगारदाराला, हे ठरवताना घाई नको.

मराठी वाचकाला इथे नारायण वामन टिळक आठवतील. 1893 च्या सुमारास नोकरीसाठी ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला आणि त्याने नवा करार हातात दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवले ते कायमचे. प्रेषितांच्या कृत्यांतला इथिओपियाचा अधिकारीही रथात बसून यशया वाचत होता आणि समजावून सांगणारा कोणी नसेल तर कळणार कसे, असे त्याने फिलिप्पाला विचारले होते. फिलिप्प समजावून देतो, बाप्तिस्मा देतो आणि नाहीसा होतो. डब्यातल्या गृहस्थानेही टिळकांना शिष्य करून ठेवले नाही. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवून, मिशनचे वेतन बरीच वर्षे घेऊन, 1917 मध्ये त्यांनी ते सोडले, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तसंघ मांडला. वेतन सोडून शिकवण्याला दोनच वर्षे मिळाली. 9 मे 1919 ला ते गेले.

शिकवायचे कोणी, या प्रश्नात सर्वांत जास्त सोसले ते पंडिता रमाबाईंनी. बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडमधल्या वाँटेजचा. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना त्या पुरुषांनाही शिकवतील अशी शक्यता दिसताच हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. म्हणे, मायदेशी त्यांची पत जाईल. ज्या बाईने भरसभेत शास्त्रीपंडितांपुढे पुराणे सांगितली, तिची पत चार विद्यार्थ्यांमुळे जाणार! रमाबाईंनी कडक उत्तर दिले. स्त्रीने शिकवू नये हे वाक्य तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहेच. पण कृत्यांच्या अठराव्या अध्यायात प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विल्ला हे तंबू शिवणारे जोडपे अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन अधिक नीट समजावते, हेही आहे. बिशपांनी पहिले लक्षात ठेवले. रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली-बायकांना शिकवत राहिल्या आणि अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम एप्रिल 1922 मध्ये मरण येईपर्यंत करत होत्या.

आता पुन्हा रायपूरकडे. तिथला मराठी माणूस दूधाधारी मठाला भोसल्यांचा आश्रय होता हे अभिमानाने सांगतो. शहरातल्या गास मेमोरियलवरून मात्र गास कोण होते हे न विचारता पुढे जातो. जेकब गास लोरसाहेबांच्याच मिशनचे. त्यांच्या सोसायटीचे कागद अमेरिकेत सेंट लुईसजवळच्या ईडन सेमिनरीच्या संग्रहात जपलेले आहेत. खेड्यातल्या उपदेशकाला, मिशन शाळेतल्या मास्तराला, बायबलबाईला असा संग्रह कोण देणार? बिश्रामपूर, रायपूर, नगर, जालना इथल्या कोणा घरात आजोबांची वा पणजीची रोजनिशी, हजेरीपट किंवा प्रवचनाची वही पडून असेल, तर ती रद्दीत घालू नका. आधी पाने स्कॅन करून घ्या, मग जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवा.