राक्षस नव्हे, रूपविकारी तारा!

महाबळेश्वरी डिसेंबरच्या निरभ्र रात्री कृत्तिकांच्या उत्तरेस, ययाती तारकासमूहात अलगोल हा तारा दिसतो. तो अधूनमधून मंदावतो. अरबांनी त्याला राक्षसाचे डोके म्हटले. इंग्लंडमधील जॉन गुडरिक हा १८ वर्षांचा तरुण बहिरा होता. १७८२ पासून त्याने रात्रीमागून रात्री नुसत्या डोळ्यांनी हा तारा पाहून नोंदी ठेवल्या. तो दर सुमारे २ दिवस २१ तासांनी मंदावतो. एखादे काळे बिंब आड येत असावे, असे त्याने १७८३ मध्ये मांडले. १८८९ मध्ये त्याला पुरावा मिळाला. आड येतो तो दुसरा, मंद तारा! भगवंतांचा धम्मही ‘एहिपस्सिक’, म्हणजे ‘या आणि पाहा’ असाच आहे. पत्रिका बाजूला ठेवा; मुलांच्या हाती वही द्या, आकाश दाखवा.