काहीही निवडा, रूबेन मात्र...

‘माइनक्राफ्ट’मध्ये ठोकळ्यावर ठोकळा रचायचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात गोष्ट आणली ‘टेलटेल गेम्स’ने, २०१५ साली, ‘माइनक्राफ्ट : स्टोरी मोड’मध्ये. टीव्ही मालिकेसारखा हा खेळ भागाभागांनी यायचा. (२०१९ साली तो विक्रीतून काढला, म्हणून नुसती गोष्टच सांगतोय!) जेसी मुलगा हवा की मुलगी, हे तुम्हीच ठरवायचं. पहिल्या भागाच्या शेवटी अक्राळविक्राळ संकट कोसळतं. पेट्राला वाचवायचं की गॅब्रिएलला? विचाराला जेमतेम काही सेकंद! भाग संपला, की इतरांनी काय निवडलं त्याची टक्केवारी झळकायची.

पण चौथ्या भागात जेसीचं लाडकं डुक्कर, रूबेन, मरतं. काहीही निवडा, ते वाचत नाही. राग येतो ना? त्याचा निरोप घेताना काय बोलायचं, तेवढं मात्र तुमच्या हाती.