उतरवलेले मीटर आणि फोडणारे हात

केंद्र सरकारने २०२१ साली वीजवितरण सुधारण्याची योजना आखली आणि देशात २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले. नव्या मीटरवर पुष्कळ वाद झाले. भिंतीवरून उतरलेल्या जुन्या मीटरचे पुढे काय होते, हा प्रश्न मी येथे मांडतो.

फिरत्या चकतीच्या मीटरात तांब्याच्या तारेची वेटोळी, अॅल्युमिनियमची चकती, लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि एक चुंबक असते. हे धातू वितळवून पुन्हा वापरता येतात. बेकेलाइटचे कवच मात्र वितळत नाही; ते कचऱ्यातच जाते. तारेवरचा लेप जाळला की तांबे झटपट मोकळे होते, आणि धूर जाळणाऱ्याच्या छातीत जातो. भंगार फोडणाऱ्यांशी मी बोललो, तेव्हा तांब्याचा भाव सर्वांना तोंडपाठ होता. धुरात काय असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

टाकून दिलेले उचलण्याचे काम आपल्या समाजाने जातीने वाटून दिले. भंगाराचा धंदाही त्यातून सुटलेला नाही.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत कारखान्यांबरोबर ते कामगारांविषयीही बोलतात: त्यांची नोंद करणे, त्यांचे गट उभारण्यास मदत करणे, प्रशिक्षण देणे आणि सुरक्षा व आरोग्य पाहणे ही जबाबदारी राज्याच्या कामगार खात्यावर आहे. कार्यकर्त्यांनी हे कलम हाती घ्यावे. आपल्या गावात अशा किती कामगारांची नोंद झाली, हे लेखी विचारावे. दयेची याचना नको. हक्काचा हिशेब मागायचा आहे.