‘रिस्ट्रिक्टिव्ह’ : मर्यादा घालणारे एक विशेषण

इंग्रजीतील काही शब्द अवघड नसतात. परंतु आपण त्यांचा अर्थ घाईने ठरवून टाकतो आणि पुढे आयुष्यभर तोच घेऊन चालतो. ‘रिस्ट्रिक्टिव्ह’ हे विशेषण त्यांपैकी एक होय. अनेकजण त्याचा अर्थ ‘मर्यादित’ असा सांगतात. वस्तुतः मर्यादित म्हणजे ज्याला मर्यादा पडली आहे ते. त्यासाठी इंग्रजीत ‘रिस्ट्रिक्टेड’ हा शब्द आहे. ‘रिस्ट्रिक्टिव्ह’ म्हणजे जे मर्यादा घालते ते. नियम रिस्ट्रिक्टिव्ह असतो आणि त्याच्यामुळे प्रवेश रिस्ट्रिक्टेड होतो. मराठीतील ‘निर्बंधक’ आणि ‘निर्बंधित’ ही जोडी हा भेद नेमका दाखविते.

या शब्दाच्या मुळाशी घट्ट आवळणे या अर्थाचा लॅटिन धातू असून त्याला ‘मागे’ या अर्थाचा ‘रि’ हा उपसर्ग लागला आहे. लगाम मागे खेचावा, तशी ही कल्पना. घोडा चालतच असतो. त्याला मोकळे धावता येत नाही इतकेच. म्हणूनच सरसकट मनाई करणाऱ्या ‘प्रोहिबिटिव्ह’ या शब्दाहून हा निराळा. ‘स्ट्रिक्ट’ हा त्याच कुळातला. पण शिक्षक स्ट्रिक्ट असतात ते नियम पाळून घेण्याच्या बाबतीत, तर रिस्ट्रिक्टिव्ह म्हणावयाचे ते नियमाने वाव किती ठेवला हे पाहून.

निरनिराळ्या शास्त्रांनी हा शब्द आपापल्या कामाला जुंपला आहे. वैद्यकात फुप्फुसे पुरेशी प्रसरण पावू शकत नाहीत, अशा विकारांना रिस्ट्रिक्टिव्ह म्हणतात. श्वासनलिका अरुंद होऊन हवा बाहेर पडण्यास अडथळा होतो, ते विकार निराळे. आपल्या देशात १९६९ साली मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा यांविषयीचा कायदा झाला. हवी ती वस्तू देताना नको असलेली दुसरी वस्तू ग्राहकाच्या गळ्यात मारणे, ही अशा प्रथांपैकीच एक. पुढे २००२ चा स्पर्धा अधिनियम आला आणि २००९ मध्ये जुना कायदा रद्द झाला.

परंतु आपल्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांना या शब्दाची खरी गरज पडते ती व्याकरणात. एखाद्या मृत्युपत्रात ‘माय सन्स हू लिव्ह इन इंदूर’ यांना घर द्यावे, असे लिहिले आहे, असे समजा. ‘सन्स’ या शब्दापुढे स्वल्पविराम नसेल, तर पुढचे उपवाक्य रिस्ट्रिक्टिव्ह ठरते : जे मुलगे इंदुरात राहतात, त्यांनाच घर; पुण्यातल्या मुलाला काही नाही. उपवाक्याच्या दोन्ही बाजूंस स्वल्पविराम असतील, तर ते केवळ अधिक माहिती देणारे ठरते आणि पुण्यातल्या मुलालाही हक्क सांगण्यास जागा उरते. एवढ्याशा चिन्हावर भावाभावांत दावा उभा राहू शकतो!

मराठीत आपण हे काम ‘जे–ते’ या जोडीने करतो. ‘माझे जे मुलगे इंदुरात राहतात, त्यांना’ असे म्हटले, की संशय राहत नाही. पण ‘इंदुरात राहणाऱ्या माझ्या मुलग्यांना’ अशी सुटसुटीत रचना केली, की दोन्ही अर्थ संभवतात. इंग्रजीतील स्वल्पविराम आपल्याला उपरा वाटतो तो यामुळेच, आणि भाषांतर करताना घात होतो तोही इथेच.

बोलण्यात ‘रिस्ट्रिक्टिव्ह’ या शब्दाला बहुधा तक्रारीचा सूर असतो. व्याकरणाला मात्र तो सूर ठाऊक नाही. तिथे मर्यादा घातल्यानेच अर्थ निश्चित होतो. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदातही स्वातंत्र्यांच्या शेजारी ‘वाजवी निर्बंध’ आले आहेत, आणि तेथे सारा भर ‘वाजवी’ या शब्दावर आहे. म्हणून हे विशेषण समोर आले, की तीन प्रश्न विचारावेत : मर्यादा कोण घालतो, कशाला घालतो आणि ती वाजवी आहे काय? पहिल्या दोहोंची उत्तरे व्याकरण देईल. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपले आपणच शोधावयाचे असते.