सहीची शाई : रंग आणि टिकाऊपणा

लिहिणाऱ्याच्या हातातील शाईचा रंग नियमाने बांधून दिलेला असतो असे प्रसंग थोडे. त्यांपैकी एक अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील पदवीधर मतदारांच्या वाट्याला ३० जानेवारी २०२३ रोजी आला. विधान परिषदेच्या त्या निवडणुकीत पसंतिक्रमाचा आकडा केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेननेच लिहावयाचा होता. मतदाराने स्वतःचे पेन वापरले किंवा मतपत्रिकेवर सही केली, तर मत बाद होण्याची तरतूद होती. वेगळ्या शाईवरून मत कोणाचे हे ओळखता येऊ नये, हा त्यामागील हेतू. हरियाणात जून २०१६ च्या राज्यसभा निवडणुकीत वेगळ्या पेनमुळे अनेक मते बाद होऊन वाद उद्भवला, आणि २०१७ च्या राष्ट्रपती निवडणुकीत निवडणूक आयोगाने जांभळ्या शाईची खास पेने पुरविली.

सहीचा हेतू याच्या नेमका उलट, म्हणजे ओळख पटावी असा असतो, आणि तेथे कायदा रंगाविषयी बोलतच नाही. अमरावती वा अकोल्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत ज्या १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार नोंदले जाते, त्याचे कलम २० खाडाखोड, ओळींमध्ये घातलेला मजकूर व कोऱ्या जागा यांवर दस्त करून देणाऱ्याची सही किंवा आद्याक्षरे अपेक्षिते. मात्र ती निळी असावी की काळी, हे सांगत नाही.

हिरव्या शाईचे माहात्म्य तर बहुतांशी रूढीने निर्माण केलेले आहे. राजपत्रित अधिकारी, म्हणजे ज्यांच्या नेमणुका शासकीय राजपत्रात प्रसिद्ध होतात ते, हिरव्या शाईनेच साक्षांकन करतात अशी समजूत गावोगावी दृढ आहे; परंतु केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धती पुस्तिकेनुसार सर्वांनी निळी किंवा काळी शाई वापरावयाची असून हिरवी वा लाल शाई सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांनी क्वचितच वापरावी, एवढीच मुभा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये स्वयंसाक्षांकन स्वीकारल्यावर त्या हिरव्या सहीसाठी घातलेले हेलपाटे बरेच कमी झाले, ही समाधानाची गोष्ट म्हणावी लागेल.

खरा प्रश्न रंगाचा नसून द्रव्याचा आहे. जुन्या मोडी कागदपत्रांची शाई काजळी आणि डिंक यांपासून होई. काजळीतील कार्बन उजेडाने विटत नाही, पण शाई कागदाच्या पृष्ठावर राहत असल्याने पाणी लागताच ती पसरू शकते. लोहशाई, म्हणजे हिराकस व मायफळासारख्या तुरट द्रव्यांतील टॅनिन यांच्या संयोगाने होणारी शाई, कागदात मुरते आणि हवेतील प्राणवायूने काळी पडते. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून तिच्यात निळा रंग मिसळत, आणि निळी-काळी ही जोडी तेथूनच कार्यालयांत रुळली. तिच्यातील आम्ल कालांतराने कागद खाते, हा तिचा दोष. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुडीपासून व गोळ्यांपासून ज्या उद्योगाचा आरंभ केला तो पुढे कॅम्लिन झाला. नंतर बॉलपेन आले आणि तेलात विरघळलेले रंग रूढ झाले. यांतील अनेक रंग उजेडात फिके पडतात, आणि ज्या वऱ्हाडात उन्हाळ्याचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो तेथे खिडकीशी ठेवलेल्या कागदांची काळजी सहज पटण्यासारखी आहे.

निळ्या सहीची शिफारस होते ती काळ्या छपाईवर मूळ प्रत उठून दिसावी म्हणून; रंगीत झेरॉक्स आल्यापासून हा युक्तिवाद पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. धनादेशाची प्रतिमा आता यंत्राने घेतली जाते, म्हणून त्यावरील शाई त्या प्रतिमेत स्पष्ट उमटेल अशी गडद हवी. काळ्या शाईवर रिझर्व्ह बँकेने बंदी घातल्याचा जानेवारी २०२५ मध्ये पसरलेला दावा पत्र सूचना कार्यालयाने खोटा ठरविला. डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या दोन शायाही अवरक्त किरणांत वेगळ्या पडू शकतात, कारण कार्बन ते किरण शोषतो आणि अनेक विरघळते रंग त्यांना पारदर्शक असतात. मागाहून वाढविलेला एखादा आकडा तज्ज्ञाला यातूनच सापडतो.

तेव्हा शेताच्या खरेदीखतावर वा बक्षीसपत्रावर सही करणाऱ्याने निळी शाई निवडावी हे ठीकच. पण त्याआधी बॉलपेनच्या कांडीवर आयएसओ १२७५७-२ किंवा जेलपेनवर आयएसओ २७६६८-२ ही दस्तऐवजी वापराची मानके नोंदलेली आहेत का, हे पाहून घ्यावे.