सत्तर ग्रेनची गोळी आणि अडून बसलेली नळी

जुन्या बंदुकांवर लिहा, असे संपादकांनी सुचवले तेव्हा त्यांना तोड्याच्या बंदुका अभिप्रेत असाव्यात. माझे मन मात्र एका अमेरिकी काडतुसात अडकले: .२२ सॅव्हेज हाय-पॉवर.

चार्ल्स न्यूटन यांनी घडवलेले हे काडतूस १९१२ साली बाजारात आले. .२५-३५ विंचेस्टरच्या पितळी कोशाची मान आवळून त्यांनी तीत ७० ग्रेनची, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅमची गोळी बसवली. ती सेकंदाला सुमारे २,८०० फूट वेगाने सुटे. तिच्यासाठी होती सॅव्हेजची मॉडेल ९९ रायफल. तिच्या फिरत्या मॅगझिनमध्ये काडतुसे टोकाला बूड लावून रांगेत बसत नाहीत, म्हणून लिव्हरच्या रायफलीतही टोकदार गोळी निर्धोक चाले. हॅरी कॉल्डवेल या मिशनऱ्याने चीनच्या फुजियान प्रांतात या काडतुसाने वाघ मारले आणि त्याची कीर्ती झाली. त्या कीर्तीने काडतुसाचे नुकसानच केले, असे मला वाटते. त्याच्याकडून नको त्या अपेक्षा ठेवल्या गेल्या.

खरी अडचण नळीत आहे. आजच्या बहुतेक .२२ सेंटरफायर रायफलींची गोळी .२२४ इंच व्यासाची, हिची सहसा .२२८. फरक केसाएवढा, पण दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गोळ्या तेवढ्यानेच बाद होतात. बारीक गोळी नळीतल्या पिळदार खाचांत नीट पकडली जात नाही, कडेने वायू निसटतो आणि नेम विस्कटतो. म्हणून जाणकार आधी नळीला तेल लावून मऊ शिशाचा तुकडा तीतून ठोकत पार करतात, मग त्याचा व्यास मायक्रोमीटरने मोजतात. .२२७ की .२२८, हे ठरल्यावरच गोळी निवडायची.

व्यास जुळला तरी बांधणी उरतेच. पातळ कवचाची वेगवान गोळी खांद्याच्या हाडावर फुटून वरच्यावर विखुरते. जनावर जखमी होऊन निघून जाते, कुठेतरी झुडपात तडफडत मरते. हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. तांब्याची गोळी अशी फुटत नाही. पण तांबे शिशाहून हलके, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळी सरळ जायला पीळ घट्ट लागतो. या नळ्यांचा पीळ मात्र साधारण १२ इंचांत एक फेरा, म्हणजे सैल. मग तांब्याची गोळी हलकीच घ्यावी लागते.

युरोपात हेच काडतूस ५.६×५२ आर म्हणून ओळखले जाते. जर्मन शिकार कायद्यानुसार रो हरणासाठी गोळीत १०० मीटरवर किमान १,००० जूल ऊर्जा हवी; ते हे काडतूस देते. रानडुकरासाठी आणि मोठ्या हरणांसाठी मात्र किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि २,००० जूल लागतात. तिथे याला मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे.

तिकडे ज्यांच्या घरी ही रायफल वारशाने आली असेल, त्यांनी आधी नळी मोजावी. रो हरणाहून मोठ्या जनावरावर ती रोखू नये. योग्य गोळी मिळाली नाही, तर रायफल कपाटातच राहू द्यावी.