मालकच शेअर विकतोय, म्हणजे विमान कंपनी बुडणार का?

मंडळी, चिकलठाण्याहून इंडिगोचं विमान तुम्ही पकडलं असेल. या कंपनीचे सहसंस्थापक राकेश गंगवाल यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये संचालक मंडळ सोडलं आणि तेव्हाच सांगितलं, पाच वर्षांत हिस्सा हळूहळू कमी करणार. दुसरे संस्थापक राहुल भाटिया यांच्याशी आधीच बिनसलं होतं. मग गंगवाल कुटुंबाने हजारो कोटींचे शेअर विकले. पण तेव्हा २,००० रुपयांच्या आसपास असलेला शेअर २०२५ मध्ये ५,००० च्या वर गेला! मधेच, जून २०२३ मध्ये, कंपनीने ५०० एअरबस विमानांची ऑर्डर दिली.

आता उलटं बघा. मुंबईच्या जेट एअरवेजमध्ये नरेश गोयल यांनी २०१९ उजाडेपर्यंत ५१ टक्के हिस्सा सोडला नाही. १७ एप्रिल २०१९ ला उड्डाणं बंद. खूण दुसरीकडेच दिसत होती: पगार थकले, विमानांचं भाडं थकलं.

हां, रोजचा हिशोब बघणारा सीएफओ गुपचूप विकायला लागला, तर मी कान टवकारतो.

तुमच्या पुरवठादाराचा भागीदार बाहेर पडतोय असं मोंढ्यात ऐकलंत, तर आधी विचारा: सांगून चाललाय का? आणि हमालांचे पैसे वेळेवर मिळतात का?